उष्णतेचा जमाखर्च

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे युटा विद्यापीठाने एक पत्रकार परिषद बोलावली. मार्टिन फ्लाइशमन हे ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य असलेले ज्येष्ठ विद्युत-रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी स्टॅनली पॉन्स यांनी तेथे एक दावा मांडला. काचेच्या भांड्यातील जड पाण्यात पॅलेडियम धातूची कांडी बुडवून विद्युतप्रवाह सोडला असता, जितकी ऊर्जा आत घातली त्याहून अधिक उष्णता बाहेर येते, आणि ही वाढीव उष्णता कोणत्याही रासायनिक क्रियेतून मिळणे शक्य नाही. म्हणून ती अणुकेंद्रांच्या संमीलनातूनच आली असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सूर्याच्या गाभ्यात कोट्यवधी अंश तापमानाला जे घडते, ते प्रयोगशाळेच्या मेजावर घडल्याची ही घोषणा होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती मथळ्यात छापली. ‘शीत संमीलन’ हा शब्द त्या दिवसापासून घरोघरी पोहोचला.

या घटनेला पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या भांड्याने एकाही घरात दिवा लावलेला नाही. मग आज या विषयावर लिहिण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन दुहेरी आहे. एक तर या प्रकरणात मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आघाडीवर राहून भाग घेतला होता आणि त्या अध्यायाची मराठी वाचकाला फारशी ओळख नाही. दुसरे असे की, ‘फुकट ऊर्जा’ देणाऱ्या यंत्रांचे, पाण्यावर धावणाऱ्या गाड्यांचे दावे आजही भ्रमणध्वनीवरून आपल्यापर्यंत येतात आणि त्यांवर ‘भारतीय संशोधकाचा चमत्कार’ असे लेबल असले की आपण ते पुढे धाडतो. अशा दाव्याची परीक्षा कशी करावी, याचे उत्तर सॉल्ट लेक सिटीच्या त्या काचेच्या भांड्यात आहे. ते समजण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. शाळेत शिकलेला कॅलरीमापी आणि घरचा जमाखर्च मांडण्याची सवय एवढे पुरते.

अल्प उष्णतेने घडवलेला इतिहास

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. ‘इतकीशी उष्णता मोजून काय सिद्ध होणार?’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्याला विज्ञानाचा इतिहास ठाऊक नाही, असेच म्हणावे लागेल.

मँचेस्टरजवळच्या सॉल्फर्ड येथील मद्य उत्पादकाचा मुलगा जेम्स जूल याने १८४० च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून पाणी तापते का, हे पाहिले. वजने खाली सोडायची, त्यांच्या ओढीने वल्ही फिरवायची, पुन्हा वजने वर घ्यायची, असे वीस वेळा केल्यावर पाण्याचे तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट वाढे. पण अंशाचा दोनशेवा भाग वाचता येईल असे तापमापक जूलजवळ होते. त्या अर्ध्या अंशातून श्रम आणि उष्णता यांचे नाते आकड्यांत बांधले गेले आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम उभा राहिला.

१९०३ मध्ये पॅरिसमध्ये पिअर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियमयुक्त क्षार आणि तसाच पण रेडियमविरहित क्षार शेजारी शेजारी ठेवून दोहोंच्या तापमानांची तुलना केली. रेडियमची बाजू सुमारे दीड अंशाने अधिक उबदार निघाली. मग विजेच्या तारेने तितकीच ऊब निर्माण करून त्यांनी हिशेब पक्का केला. एक ग्रॅम रेडियम तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता देते आणि देतच राहते, हा निष्कर्ष निघाला. म्हणजे स्वतःच्या वजनाहून अधिक बर्फ ते दर तासाला वितळवू शकते. वॉटमध्ये मांडल्यास ही शक्ती ०.१२ वॉटहून कमी आहे. पण कोणत्याही ज्ञात रासायनिक क्रियेच्या हिशेबात ती बसत नव्हती. अणूच्या पोटात ऊर्जेचे भांडार आहे, याची जगाला पटलेली ही पहिली साक्ष होय.

तिसरे उदाहरण उष्णता कमी भरल्याचे आहे. १९२७ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स एलिस आणि विल्यम वूस्टर यांनी एका किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सारी ऊर्जा कॅलरीमापीत अडवून मोजली. प्रत्येक विघटनामागे साडेदहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळावयास हवे होते. मिळाले सुमारे साडेतीन लाखच. उरलेली ऊर्जा कोठे गेली? हा तुटीचा हिशेब जुळवण्यासाठी वुल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये एका अदृश्य कणाची कल्पना मांडली. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. पुढे १९६५ मध्ये कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा माग काढला, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब.

तेव्हा वाढीव किंवा तुटीची उष्णता हा थट्टेचा विषय नव्हे. मात्र या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र समान आहे. जमाखर्चाच्या वहीत कोठेही शंकेला जागा राहणार नाही, याची काळजी मोजणाऱ्यांनी आधी घेतली आणि मगच निष्कर्ष उच्चारला. क्युरी यांचा आकडा दुसऱ्याने मोजला तरी तोच येई. रदरफर्ड आणि बार्न्स यांनी लगोलग तशीच मापने केली आणि उष्णता तेथे होतीच.

वही कोठे चुकते?

आता युटाच्या भांड्याकडे वळू. वरकरणी हिशेब अगदी सोपा. किती व्होल्ट, किती अँपिअर हे पाहिले की आत गेलेली वीज कळते. भांडे भोवतालच्या पाण्यापेक्षा किती अंशांनी गरम आहे, हे पाहिले की बाहेर पडणारी उष्णता कळते. आधी विजेच्या छोट्या तापकाने ज्ञात उष्णता देऊन ‘इतक्या वॉटला इतके अंश’ हे प्रमाण ठरवून घ्यायचे, नंतर प्रयोग करायचा. यात अवघड ते काय?

अवघड असे की, वीज पाण्यातून जाते तेव्हा ती सगळी उष्णता होत नाही. तिचा एक भाग पाण्याचे विघटन करण्यात खर्ची पडतो आणि वायूंच्या बुडबुड्यांबरोबर भांड्याबाहेर निघून जातो. जड पाण्यासाठी हा वाटा दर अँपिअरला १.५४ वॉट इतका असतो. उदाहरण घेऊ. भांड्याला ४ व्होल्ट दाब आणि अर्धा अँपिअर प्रवाह दिला, तर आत गेले २ वॉट. त्यांपैकी ०.७७ वॉट वायूंबरोबर गेले. म्हणून भांड्यात उष्णता अपेक्षित १.२३ वॉट. आता समजा, बाहेर जाणाऱ्या वायूंपैकी दहावा हिस्सा भांड्यातच पुन्हा एकत्र येऊन त्याचे पाणी झाले. मग ०.०७७ वॉट जास्तीचे दिसतील, म्हणजे सहा टक्के ‘वाढीव उष्णता’! सगळेच वायू पुन्हा जुळले तर हा आकडा बासष्ट टक्क्यांवर जातो. अणुकेंद्राने काहीही न करता, केवळ वहीतील एक नोंद चुकल्यामुळे. यावर उपाय आहे: बाहेर पडणारा वायू मोजावा, किंवा किती जड पाणी भरावे लागले याची काटेकोर नोंद ठेवावी. किंवा भांडे बंद करून वायूंना आतच मुद्दाम जुळवून घ्यावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. पण बंद भांड्यात वायू साठला तर स्फोट होतो. १९९२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेत अशाच स्फोटात एका संशोधकाचा बळी गेला. घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे, हे आपल्या उत्साही तरुणांनी लक्षात ठेवावे.

दुसरी चोरवाट बाष्पीभवनाची. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते, हे आपल्या आजीलाही ठाऊक असते. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,२६० जूल उष्णता घेऊन जाते. तासाला एक ग्रॅम या गतीने पाणी उडाले तर ०.६ वॉटहून अधिक शक्तीचा हिशेब बिघडतो. वर ज्या प्रयोगाचे उदाहरण घेतले, त्याच्या निम्मी रक्कम!

तिसरी वाट तापमापकाच्या जागेची. भांड्यातील पाणी नीट ढवळले जात नसेल तर एका कोपऱ्यात ते गरम, दुसऱ्या कोपऱ्यात गार असते. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेचे नेथन लुईस यांनी मे १९८९ मध्ये बाल्टिमोर येथील पदार्थवैज्ञानिकांच्या बैठकीत हाच आक्षेप घेतला. बुडबुड्यांनीच पाणी पुरेसे ढवळले जाते, असे पॉन्स यांचे उत्तर होते. वाद मिटवण्याचा मार्ग सरळ होता. तापमापक एकाऐवजी चार लावावेत. पॅलेडियमच्या जागी प्लॅटिनम आणि जड पाण्याच्या जागी साधे पाणी वापरून तोच प्रयोग तितकेच दिवस करावा. त्याहून उत्तम म्हणजे, कोणत्या भांड्यात काय आहे हे मोजणाऱ्याला कळूच देऊ नये. रेडियमच्या शेजारी रेडियमविरहित क्षार ठेवणाऱ्या क्युरींनी हेच केले होते.

आणि एक मोठा साक्षीदार तर गैरहजरच होता. जड हायड्रोजनच्या संमीलनातून एक वॉट उष्णता मिळवायची, तर नेहमीच्या नियमांप्रमाणे दर सेकंदाला सुमारे एक लक्ष कोटी न्यूट्रॉन बाहेर पडले पाहिजेत. त्या खोलीत उभ्या असलेल्या संशोधकांच्या प्रकृतीला मोठाच धोका झाला असता. ते ठणठणीत होते. तेव्हा एक तर ही संमीलनाची एखादी सर्वस्वी अज्ञात तऱ्हा होती, किंवा वहीत चूक होती. अशा वेळी शहाणा हिशेबनीस प्रथम वही तपासतो.

तुर्भ्याचा अध्याय

भारतात ही वार्ता पोहोचली तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते डॉ. पी. के. अय्यंगार, १९७४ च्या पोखरण चाचणीतील एक प्रमुख नाव. जड पाण्याचा अनुभव भारताजवळ विपुल होता. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या त्यावरच चालतात आणि रायगड जिल्ह्यातील थळ येथेही त्याचा कारखाना आहे. अय्यंगारांनी परदेशी निर्णयाची वाट पाहिली नाही. केंद्रातील डझनभर गट लगेच कामाला लागले. डिसेंबर १९८९ मध्ये अय्यंगार आणि डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल निघाला. ‘बार्क-१५००’ या क्रमांकाने तो या क्षेत्रातील अभ्यासकांत आजही ओळखला जातो.

तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी उष्णतेपेक्षा न्यूट्रॉन आणि ट्रिटियम यांवर भर दिला. कारण उघड होते. उष्णता कोठूनही येऊ शकते; ट्रिटियम मात्र केंद्रकीय क्रियेखेरीज जन्मत नाही. ट्रिटियम सापडल्याचे त्यांनी नोंदवले, पण न्यूट्रॉनांच्या तुलनेत कोटीपट अधिक. नेहमीच्या संमीलनात ही दोन्ही जवळपास सारखी मिळावयास हवीत. हे कोडे होते, आणि ते ‘कोडे’ म्हणूनच अहवालात मांडले गेले. जगातील बहुसंख्य तज्ज्ञांनी ते स्वीकारले नाही. जड पाण्यात मुळातच असलेले ट्रिटियम विद्युत अपघटनात अधिक दाट होत जाते, बाहेरून संसर्ग होऊ शकतो, हे आक्षेप आले. १९९० च्या दशकात ते काम हळूहळू थांबले. अय्यंगार मात्र २०११ मध्ये निधन होईपर्यंत या विषयाची बाजू मांडत राहिले. श्रीनिवासन यांच्या सहसंपादनाखाली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने २०१५ मध्ये यावर एक विशेष विभागही प्रसिद्ध केला.

तुर्भ्याचा निष्कर्ष बरोबर की चूक, हा निवाडा प्रस्तुत लेखकासारख्या कला शाखेच्या पदवीधराने करावयाचा नाही. पण एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. युटात आधी पत्रकार परिषद झाली आणि शास्त्रीय टिपण नंतर छापले गेले. राज्याच्या विधिमंडळाने पन्नास लाख डॉलर मंजूर केले, संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ती बंदही पडली. तुर्भ्यात आधी मोजमाप झाले, सविस्तर अहवाल निघाला, शंका असतील तेथे शंका लिहिल्या गेल्या. स्वाभिमानी विज्ञानाची रीत ती हीच. पाश्चात्त्य हसतात म्हणून काम सोडायचे नाही आणि पाश्चात्त्य नाचतात म्हणून आपणही नाचायचे नाही.

निकाल काय लागला?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नोव्हेंबर १९८९ मध्ये समितीचा अहवाल स्वीकारला. वाढीव उष्णतेचा पुरावा पटण्याजोगा नाही, खास निधी नको, मात्र काटेकोर प्रयोगांना नेहमीच्या चौकटीत माफक साहाय्य द्यावे, असा त्याचा आशय होता. २००४ मध्ये त्याच विभागाने पुन्हा परीक्षण केले. वाढीव उष्णतेच्या प्रश्नावर परीक्षक साधारण अर्धे-अर्धे विभागले; पण ती केंद्रकीय आहे हे निर्णायकपणे दिसत नाही, असे दोन-तृतीयांश जणांचे मत पडले. गूगलच्या अर्थसाहाय्याने अनेक विद्यापीठांच्या गटांनी केलेल्या शोधाचा वृत्तान्त ‘नेचर’मध्ये २०१९ साली आला. त्यांनी अधिक अचूक कॅलरीमापी बांधले, पण शीत संमीलनाचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

म्हणजे आजचा शेरा असा: दावा सिद्ध झालेला नाही. मागेल त्याला, मागेल तेव्हा, मागेल त्या प्रयोगशाळेत ती उष्णता दाखवता आलेली नाही. काही जण म्हणतात, प्रस्थापितांनी हे संशोधन दडपले. दडपणूक होत नाही असे नाही. चेष्टा तर या संशोधकांची निश्चितच झाली. परंतु क्युरींचे रेडियम कोणी दडपू शकले नाही, कारण ते प्रत्येकाच्या कॅलरीमापीत सारखेच तापत होते. निसर्ग साक्ष देतो तेव्हा पंचांची मनधरणी करावी लागत नाही.

आपली जबाबदारी

२०११ मध्ये इटलीतील आंद्रेआ रोसी यांनी निकेल व हायड्रोजनवर चालणारे उष्णतायंत्र दाखवले आणि पुन्हा जगभर गाजावाजा झाला. त्यांच्या हिशेबात यंत्रातून निघणारे सर्व पाणी कोरडी वाफ होते, असे गृहीत होते. एक किलो पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास ३३५ किलोजूल लागतात. त्याची पूर्ण वाफ करण्यास आणखी २,२५७. नळीतून वाफेबरोबर पाणीही वाहत असेल तर उष्णतेचा आकडा सातआठपट फुगू शकतो. समीक्षकांनी नेमके हेच विचारले. नळीचे टोक बादलीत सोडून बादलीतील पाणी किती तापले हे पाहिले असते तर शंका मिटली असती. पुढे हे प्रकरण गुंतवणूकदारांशी न्यायालयीन वादापर्यंत गेले आणि २०१७ मध्ये तडजोडीने संपले.

आपल्याकडेही असे घडले आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिळ्ळै यांनी वनस्पतीपासून पेट्रोल करून दाखवल्याचे देशभर गाजले. खेड्यातील एका साध्या माणसाने परकीय तेलाच्या जोखडातून देशाला सोडवले, या कल्पनेनेच अनेकांची मने भरून आली. पुढे ती हातचलाखी ठरली आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. ज्यांचे पैसे गेले ती सामान्य माणसे होती.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांवर म्हणूनच इतरांपेक्षा अधिक जबाबदारी येते. ‘स्वदेशी’ हे वस्तूच्या जन्मस्थानाचे नाव आहे. तिच्या मापाचे प्रमाणपत्र नव्हे. खोट्या दाव्याला आपण देशभक्तीच्या पोटी खांद्यावर घेतो, तेव्हा नुकसान होते ते तुर्भ्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे निष्ठेने मोजमाप करणाऱ्या खऱ्या भारतीय संशोधकाचे. त्याच्या शब्दाची किंमत आपणच कमी करतो.

काय करता येईल? शासनाने या विषयाला भव्य योजना देऊ नये आणि तो वाळीतही टाकू नये. दोन-तीन विद्यापीठांना छोटा निधी द्यावा. अट एकच, की उष्णता आढळली नाही तरी निकाल प्रसिद्ध करायचा. शाळांतील शिक्षकांनी कॅलरीमापीचा धडा परीक्षेपुरता उरकू नये. दोन थर्मास, दोन तापमापक, मोजलेले पाणी आणि कमी दाबाच्या विजेवर चालणारा छोटा तापक एवढ्या साहित्यात मुलांना ज्ञात वॉट पुन्हा मोजून काढायला लावावेत. २०० ग्रॅम पाण्याला एक वॉट दिला तर मिनिटाला अंशाचा सुमारे चौदावा भाग वाढतो. ते मोजताना हात लावल्याने, झाकण उघडल्याने, पंखा लावल्याने आकडा कसा डळमळतो, हे मुलगा एकदा स्वतः पाहील, तर आयुष्यात कोणताही भोंदू त्याला सहज फसवू शकणार नाही.

आणि कार्यकर्त्यांनी? एखाद्या अद्भुत यंत्राची वार्ता हाती आली की पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आत किती गेले, ते कोणी मोजले? बाहेर किती आले, ते कशाने मोजले? आणि दाव्याशी संबंध नसलेल्या कोणी तेच मोजून पाहिले का? तिन्हींची उत्तरे मिळाली तर त्या संशोधकाच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहावे, सारे जग हसत असले तरीही. न मिळाली तर ती वार्ता आपल्यापाशीच थांबवावी. सत्याचा आग्रह धरणाऱ्या समाजाला एवढी शिस्त परवडली पाहिजे.